ॲपमध्ये साखर लाल दिसते म्हणून फळं बंद करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वजन कमी करायला घेतलं आहे, रोजचं लक्ष्य 1500 कॅलरींचं. खाल्लेलं सगळं ॲपमध्ये नोंदवलं जातं. कॅलरी बहुतेक दिवस बसतात, पण साखरेचा रकाना रोज लाल होतो. मर्यादा 45 ग्रॅमची आणि आकडा 120 च्या वर. म्हणून आधी केळं बंद केलं, मग सफरचंद. तरीही तीन आठवडे वजन जागचं हललेलं नाही आणि संध्याकाळी भूक आवरत नाही. आता उरलेली फळंही सोडायची का? भाताचं काय करायचं? आणि दिवसाला कार्ब्स, म्हणजे साखर, स्टार्च असे कार्बोहायड्रेट, नेमके किती घ्यायचे?

फळं सोडू नका. केळं आणि सफरचंद आजपासून परत सुरू करा. तुमच्या नोंदीत कमी करण्यासारखं बरंच काही आहे, पण ते या दोन फळांत नाही. फळं बंद करण्याआधीच्या एका दिवसाची नोंद तुम्ही दिली आहे ते बरं झालं. तीच ओळीने बघू, म्हणजे कुठे काय चाललंय ते स्पष्ट दिसेल.

सकाळी ओट्स, त्यात 250 मिली दूध, एक केळं आणि दोन छोटे चमचे मध. दुधातून साधारण 12 ग्रॅम साखर, केळ्यातून 14, मधातून 12. अकराच्या सुमारास सफरचंद, 19 ग्रॅम. दुपारी भात, डाळ, भाजी. साखरेच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. चार वाजता 250 मिली संत्र्याचा रस, 21 ग्रॅम. संध्याकाळी फळांच्या चवीचं दही, डब्यावर लिहिल्याप्रमाणे 19 ग्रॅम. आणि मधल्या वेळेत मूठभर मनुका, 40 ग्रॅम वजनाच्या, म्हणजे आणखी 25 ग्रॅम साखर. एकूण 122.

आता हीच बेरीज वेगळ्या पद्धतीने मांडा. केळं आणि सफरचंद मिळून 33. दूध आणि दही यांची मुळातली साखर, म्हणजे लॅक्टोज, 19 च्या आसपास. मनुका 25. उरले 45, आणि ते आले मध, रस आणि दह्यात वरून घातलेल्या साखरेतून. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली ती या शेवटच्या 45 ला लागू होते. त्या मार्गदर्शनात ज्या साखरेला फ्री शुगर म्हटलं आहे, तिच्यात कारखान्यात, स्वयंपाकात किंवा ताटात वरून घातलेली साखर येते, शिवाय मध, पाक आणि फळांचा रसही येतो. अख्ख्या ताज्या फळातली आणि दुधातली साखर तिच्यात धरलेली नाही. मर्यादा आहे दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, आणि 5 टक्क्यांखाली आणता आली तर आणखी चांगलं. 1500 कॅलरींचा हिशेब केला तर 10 टक्के म्हणजे 37 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 19 ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे मर्यादा ओलांडली जातेय हे खरंच आहे. पण तुम्ही बंद केलं केळं आणि सफरचंद, आणि रस व मध चालू ठेवले, कारण ते ‘नैसर्गिक’ वाटले. हे मी सतत बघते. ॲपच्या रकान्यात सगळी साखर एकाच ओळीत येते, आणि माणूस कमी करायला बसला की ज्या गोष्टीचं नाव फळ आहे तीच आधी हाताला लागते. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. बऱ्याच पदार्थांच्या लेबलवर मुळातली आणि वरून घातलेली साखर वेगळी दिलेलीच नसते. ती विभागणी आपल्यालाच करावी लागते.

एक बारीक गोष्ट. मनुका फ्री शुगरमध्ये मोडत नाहीत, तरी त्यांच्याकडे मी तितक्याच काळजीने बघते. 40 ग्रॅम मनुका म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि त्या कधी संपल्या ते कळतही नाही. तितक्याच कॅलरींची ताजी द्राक्षं घेतली तर पावणेदोनशे ग्रॅम भरतात, वाटी चांगली भरते. खजूर, सुकवलेले अंजीर, सुकवलेला आंबा, सगळ्यांचं हेच. पाणी गेलं की पोट भरणारा भागच गेला. वजन कमी करताना सुकामेवा चमच्याने मोजून घ्या, पाकिटात हात घालून खाऊ नका.

अख्खं फळ आणि त्याचाच रस यांत फरक का पडतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण साखर तर दोन्हीकडे तीच. 1977 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दहा जणांना सारख्याच कार्बोहायड्रेटचं सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करलेलं आणि रस. रस संपवायला अख्ख्या सफरचंदाच्या अकराव्या हिश्श्याइतकाच वेळ लागला. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच वाढली, पण रसानंतर इन्सुलिन जास्त वर गेलं आणि नंतर साखर जास्त खाली घसरली. पोट सर्वांत जास्त भरलं ते अख्ख्या सफरचंदाने, सर्वांत कमी रसाने. तुमचा चार वाजताचा रस आणि सहा वाजताची भूक यांचा संबंध इथे आहे असं मला वाटतं.

पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात 2009 मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. जेवणाआधी सफरचंद खाल्लेल्या लोकांनी, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही, त्या जेवणात 15 टक्के कमी ऊर्जा घेतली. रसाला हे जमलं नाही; त्यात वेगळा फायबर मिसळूनही नाही. म्हणजे फायबर महत्त्वाचा आहेच, पण चावणं, फळाचा आकार, त्यातलं पाणी आणि खायला लागणारा वेळ हे सगळं मिळून काम होतं. म्हणूनच मी स्मूदीलाही पेयातच धरते. फायबर राहतो हे कबूल, पण दोन केळी, एक आंबा आणि मध यांचा ग्लास माणूस उभ्या उभ्या संपवतो. तीच फळं कापून समोर ठेवली तर अर्धी उरतात.

फ्रुक्टोजची, म्हणजे फळांत असणाऱ्या एका प्रकारच्या साखरेची, भीती अनेकांच्या मनात आहे. यकृतात चरबी साठते असं वाचलेलं असतं. ते शीतपेयं आणि गोड पदार्थांतून रोज मोठ्या प्रमाणात येणाऱ्या फ्रुक्टोजबद्दल आहे. 330 मिली कोलात साधारण 35 ग्रॅम साखर असते आणि ती दोन मिनिटांत आत जाते. एका संत्र्यात 12 ग्रॅम, तीही तंतूंच्या जाळ्यात अडकलेली, हळूहळू सुटणारी, आणि त्यातलं फ्रुक्टोज जेमतेम अर्धं. दिवसाला दोन-तीन फळं खाऊन यकृत बिघडल्याचा धसका घेण्याचं कारण नाही. फळांनी पोट फुगत असेल, जुलाब होत असतील तर गोष्ट वेगळी. काही जणांना फ्रुक्टोज नीट शोषता येत नाही आणि त्यांना फळं निवडून घ्यावी लागतात.

तरी ‘फळं कितीही खा’ असं मी म्हणणार नाही. फळातही कॅलरी आहेत. मध्यम सफरचंद 95, मध्यम केळं 105, संत्रं 60 च्या आसपास, 100 ग्रॅम स्ट्रॉबेरी किंवा कलिंगड 30-32, तितकाच आंबा 60, द्राक्षं 69. तुमच्या 1500 मध्ये दिवसाला दोन ते तीन अख्खी फळं आरामात बसतात. रात्रीचं जेवण टाळून मोठा वाडगाभर फळं खायची ही सवय मात्र मला पसंत नाही. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि दोन तासांनी पुन्हा स्वयंपाकघरात फेरी होते. फळाबरोबर थोडं दही किंवा पाच-सहा बदाम घेतले तर तेच फळ जास्त वेळ पुरतं.

गोड फळं वाईट, आंबट फळं चांगली. केळं पिकलेलं नको, हिरवट हवं. फळ जेवणानंतर नको, संध्याकाळनंतर नको. या नियमांवर वेळ घालवू नका. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, कॅलरी तितक्याच राहतात. घड्याळ बघून फळाची चरबी होत नाही. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचा आकडा) जास्त आहे म्हणून ते टाळणारे लोक भेटतात. पण तो आकडा ठरावीक ग्रॅम कार्बोहायड्रेटसाठी काढलेला असतो, आणि तितकं कार्बोहायड्रेट मिळायला कलिंगड अर्ध्या किलोहून जास्त खावं लागेल.

आता भाताकडे येते, कारण खरी गडबड बहुतेक वेळा तिथे असते. तुमच्या नोंदीत दुपारच्या जेवणापुढे साखर शून्याच्या आसपास दिसते आणि म्हणून ते जेवण सुरक्षित वाटतं. भात, ब्रेड, पास्ता, बटाटा यांत साखर नसते, स्टार्च असतो, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. पचनात त्या तुटतात आणि ग्लुकोज म्हणूनच रक्तात येतात. 150 ग्रॅम शिजवलेल्या भातात 42 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि 195 कॅलरी असतात. साखरेचा रकाना लाल होतो तो सफरचंदामुळे, आणि भाताची दुसरी वाढणी घेतली तर तो रकाना हलतही नाही. साखर एवढा एकच आकडा बघून खाणं ठरवलं की असं होतं.

इथे तुमची नोंद मला शंकास्पद वाटते. तुम्ही ‘भात, एक वाटी’ लिहिलं आहे. वाटी केवढी? सपाट की शिगोशीग? आणि ॲपमध्ये निवडलेला पदार्थ कच्चा तांदूळ होता की शिजवलेला भात? 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 360 कॅलरी असतात, 100 ग्रॅम भातात 130. नोंद चुकीच्या ओळीवर पडली तर हिशेब जवळजवळ तिप्पट इकडे-तिकडे जातो. ओट्सचंही तेच. 40 ग्रॅम कोरडे ओट्स म्हणजे साधारण 150 कॅलरी. डब्यातून अंदाजाने ओतले तर सहज 70-80 ग्रॅम पडतात. एक आठवडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर धान्य, तेल आणि सुकामेवा या तीनच गोष्टी मोजा. भाज्या आणि फळं मोजत बसू नका. तेलाचा एक मोठा चमचा 120 कॅलरींचा असतो, आणि भाजीच्या नोंदीत तो बहुतेकांकडून राहूनच जातो. तीन आठवडे वजन न हलण्याचं कारण मला सफरचंदात नाही, या तीन ठिकाणी सापडण्याची शक्यता जास्त वाटते.

याचा अर्थ भात बंद करायचा असा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. 609 लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकाला कमी फॅटचा आहार, दुसऱ्याला कमी कार्ब्सचा. वर्षअखेर सरासरी घट पहिल्या गटात 5.3 किलो, दुसऱ्यात 6 किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही म्हणण्याइतका. पण दोन्ही गटांना एक सूचना सारखी होती: वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी पिठं कमीत कमी ठेवा, भाज्या भरपूर खा, शक्यतो पूर्ण रूपातलं अन्न खा. कार्ब्स जास्त की कमी या वादापेक्षा ही सामाईक सूचना मला महत्त्वाची वाटते.

कार्ब्स एकदम खाली आणले की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. त्यातला मोठा भाग पाणी असतं. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं तेव्हा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं. पुन्हा दोन दिवस भात खाल्ला की परत येतं. म्हणून काटा वर गेला तरी घाबरायचं नाही आणि झरझर उतरला तरी चरबी गेली असं समजायचं नाही.

मग किती? 1500 कॅलरींच्या आहारात 140 ते 180 ग्रॅम कार्ब्स हा बहुतेकांना झेपणारा टप्पा आहे. पण मला ग्रॅमपेक्षा ते कुठून येतात यात जास्त रस आहे. दोन-तीन फळांचे 50-60 ग्रॅम, दूध-दह्याचे 20, डाळी, कडधान्यं आणि भाज्यांचे 35-40. उरलेली जागा धान्याची. म्हणजे दिवसभरात ओट्सचा एक मोजलेला वाडगा आणि जेवणात मूठभर भात बसतो. शक्य असेल तिथे अख्खं धान्य घ्या. दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर हवा, आणि फळं बंद केली की तो आकडा गाठणं अवघड होऊन बसतं. फक्त सफरचंद आणि केळं काढून तुम्ही सात ग्रॅमच्या वर फायबर घालवलात.

बटाट्याबद्दल एक शब्द, कारण वजन कमी करणारे सगळे आधी त्याच्यावर रागावतात. सिडनी विद्यापीठात 1995 मध्ये सारख्याच कॅलरींचे 38 पदार्थ देऊन कोणता किती पोट भरतो हे मोजलं होतं. पहिला आला उकडलेला बटाटा, पांढऱ्या ब्रेडच्या तिप्पटीहून जास्त. सफरचंद आणि संत्रं दोन्ही ब्रेडच्या दुपटीच्या आसपास होते. तळलेल्या बटाट्याला यातलं काही लागू नाही. पण भाताऐवजी एखाद्या जेवणात सालासकट उकडलेला बटाटा घ्यायला माझी काहीच हरकत नसते.

तुमच्या दिवसात मी बदल करेन ते असे. चार वाजताच्या रसाच्या जागी अख्खं संत्रं. चवीच्या दह्याऐवजी साधं दही आणि त्यात 100 ग्रॅम स्ट्रॉबेरी कापून. मध दोनाऐवजी एक चमचा, पंधरवड्याने अर्धा. मनुका 40 ग्रॅमऐवजी 10 ग्रॅम, ओट्समध्येच. केळं आणि सफरचंद जसंच्या तसं. आता बेरीज करा: एकूण साखर 81 ग्रॅम. रकाना अजूनही लालच राहील! पण फ्री शुगर 45 वरून 6 वर आलेली असेल आणि या बदलांतूनच 180 च्या आसपास कॅलरी सुटतील. त्यातल्या काही प्रथिनांवर खर्च करा. दुपारच्या जेवणात डाळ घट्ट आणि दीडपट, किंवा अंडी, मासे, चिकन, पनीर यांपैकी जे खात असाल ते. संध्याकाळची भूक यानेच सर्वांत जास्त आवरते. त्या लाल रंगाने तुम्हाला त्रास होत असेल तर ॲपमध्ये साखरेचा रकाना लपवून फायबर आणि प्रथिनांचा रकाना पुढे आणा.

मधाऐवजी शुगर-फ्री गोळ्या चालतील का, असंही तुम्ही विचारलंत. वजन कमी करण्यासाठी म्हणून मी त्या सुचवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये मधुमेह नसलेल्यांना हाच सल्ला दिला आहे. गोडाची ओढ हळूहळू उतरवता येते. चमचा कमी केल्यावर सुरुवातीला चव फिकी लागते, काही आठवड्यांत जीभ सरावते.

तुम्ही मधुमेहाचा उल्लेख केलेला नाही. असेल तर वरचे बदल डॉक्टरांना सांगून करा, विशेषतः इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, कारण कार्ब्स कमी झाल्यावर औषधाचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हा मात्र फळाचा रस कामाला येतो, तो जवळ ठेवायचा. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं घेणाऱ्यांनी कार्ब्स फार कमी करण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. त्यात कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायक वाढण्याचा, धोका आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे फळांची निवडच वेगळी होते.

हे सगळं तीन आठवडे नीट करून बघा. वजन रोज सकाळी घ्या, पण आठवड्याची सरासरी काढून तीच आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा, आणि कंबर आठवड्यातून एकदा टेपने मोजा. पाळीच्या आधी पाणी धरल्यामुळे काटा एक-दीड किलो वर दिसू शकतो, तो आठवडा हिशेबात धरू नका. सरासरी खाली येत नसेल आणि कंबरही तेवढीच असेल तर आधी भाताचा आणि ओट्सचा चौथा हिस्सा कमी करा, मग तेल. फळांना तेव्हाही हात लावायचा नाही. नोंद पाठवाल तेव्हा वाटी न लिहिता ग्रॅम लिहा, आणि तांदूळ कच्चा मोजला की शिजवलेला तेही.